बोल्ट बसले म्हणून

जाम, ६ जानेवारी २०२५

नरहरमामा,

तुम्हाला फोनवर काही ऐकू येत नाही आणि मोबाईलची बारीक अक्षरं वाचवत नाहीत, म्हणून हे मोठ्या अक्षरांत कागदावर. इलाताई पत्र हातात देईल तेव्हा आधी चष्मा पुसून घ्या. सल्ला धंद्यातला आहे आणि लवकर पाहिजे.

सेलूच्या मनकर्णाबाई तुम्हाला माहीत असतील. त्यांच्या सासऱ्यांचं कापसाचं जिनिंग होतं, आणि त्या जिनिंगच्या काळातली आठ सिलिंडरची अमेरिकन मोटर अजून त्यांच्याकडे आहे. त्याच मोटरीतून बाईंनी कित्येक वर्षं आसपासच्या गावांतल्या अडलेल्या बाया सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचवल्या. दोन वर्षांमागे इंजिनच्या ब्लॉकला तडा गेला आणि मोटर शेडमध्ये उभी राहिली. येत्या १७ फेब्रुवारीला बाईंना पंचाहत्तर पूर्ण होतात. त्या दिवशी स्वतः मोटर चालवत कारंज्याला धाकट्या बहिणीकडे, आनंदाबाईंकडे, जायचं असं त्यांनी जाहीर करून टाकलंय.

त्यांचा मुलगा निशांत नागपूरला नोकरीला असतो. आईच्या हट्टापायी त्यानं मुंबईच्या भंगार बाजारातून त्याच कंपनीचं, पण बऱ्याच वर्षांनंतरचं इंजिन आणलं आणि बसवायला माझ्या गॅरेजवर टाकलं. नुसतं इंजिन, त्याच्या मागचं जड चाक, फ्लायव्हील, नव्हतं. मी जुन्या इंजिनचं काढून त्याला लावलं. भोकं जुळली, बोल्ट बसले, क्लचही बसला. सुरू केलं तर शिलाई मशीनसारखा आवाज. पण मोटर पन्नासच्या पुढे गेली की सगळी थरथरते. स्टिअरिंगवरच्या हाताला मुंग्या येतात आणि आरशात मागचा एक ट्रक तीन दिसतो.

निशांतनं नागपूरचा एक गॅरेजवाला आणला. त्यानं पाच मिनिटांत निकाल दिला की इंजिनचा कणाच, क्रँक, वाकलाय, या मेकॅनिक बाईनं इंजिन उतरवताना पाडलं असणार. मामा, आम्ही पाडलं नाही. मुकेश आणि मी चेनब्लॉक लावून ते पाळण्यात मूल ठेवावं तसं खाली ठेवलं होतं. पण माझा नवरा माझ्या बाजूनं बोलला तर त्याला कोण विचारतो.

आता निशांत टाईप केलेला कागद घेऊन आलाय. इंजिन माझ्या हलगर्जीपणामुळे कायमचं निकामी झालं आणि मोटर चालवण्यालायक राहिली नाही, असं मी सही करून द्यायचं. तो आईला दाखवला की आई मोटर विकायला तयार होईल, असा त्याचा हिशोब. माझ्यावर केस वगैरे करणार नाही म्हणाला, म्हणजे उपकारच. दहा दिवस दिलेत. इकडे जामच्या चौकात चहावालासुद्धा विचारून राह्यला, "ताई, सेलूवाल्या बाईची गाडी पाडली काऊन?"

सही केलेली नाही. काय काय तपासू ते सांगा.

आकांक्षा

---

नाशिक, ११ जानेवारी

आकांक्षा,

पत्र दोनदा वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच, प्रत्येक ओळ चढावर.

मोटर रस्त्यावर नेऊ नकोस. उभ्या मोटरीत, न्यूट्रलमध्ये, हळूहळू रेस दे. उभ्यानंच थरथरली तर चाकं आणि मागचा शाफ्ट संशयातून सुटले, दोष इंजिनपाशी आहे. मग क्लच दाबून तेच कर. फरक पडला नाही तर गिअरबॉक्सही सुटला. मग पंख्याचा पट्टा काढून तेच. तरीही थरथर राहिली तर क्रँक, पुढची पुली आणि मागचं फ्लायव्हील एवढेच उरतात. क्रँक वाकलाय की नाही हे बघून कळत नाही, मोजून कळतं. इंजिनखालचं तेलाचं भांडं काढ आणि डायल लावून मोज.

आणि इंजिन थंड असताना पुढच्या पुलीच्या मागच्या बाजूनं हात फिरव. डोळ्यांनी बघू नकोस, बोटांनी बघ. सगळीकडे सारखी आहे का ते कळव.

कागदाचं विचारलं नाहीस, तरी सांगतो. सही करून टाक. मी बत्तीस वर्षं वर्ध्याच्या संस्थेत कार्यशाळा शिकवली. मोठ्या माणसांना असा कागद हवा असतो तेव्हा तो त्यांना कसाही मिळतोच. तू नाही दिलास तर तुझ्या गॅरेजवर आणखी काही येईल. लोक वर्षभरात विसरतात. मोटर त्यांची आहे, विकली तर विकली. तुझ्यापुढे अजून पुष्कळ काम पडलंय.

मामा

---

जाम, १६ जानेवारी

मामा,

उभ्यानं थरथरते. क्लच दाबून थरथरते. पट्टा काढून थरथरते. क्रँक डायलवर मोजला, सरळ आहे, तुमच्या फूटपट्टीपेक्षा सरळ. पुलीच्या मागं हात फिरवला तर एका बाजूला अर्धचंद्रासारखं जाड लोखंड लागलं, समोरच्या बाजूला नाही. मी लावलेलं जुनं फ्लायव्हील मात्र ताटासारखं सगळीकडून सारखं. तुमच्या मनात काय आहे ते मला अर्धं कळलंय. उरलेलं अर्धं लिहा.

आता कागदाचं. आज निशांत आला आणि सोबत मनकर्णाबाईही आल्या. त्यांना आणायचा त्याचा विचार नव्हता, त्या आपणहून गाडीत बसल्या. मी टाईप केलेला कागद त्याला परत दिला आणि माझ्या हातानं लिहिलेला दुसरा दिला. तुम्हाला नक्कल पाठवते:

"मी नव्या इंजिनला जुनं फ्लायव्हील लावलं. बोल्ट बसले म्हणून ते जमलं असं समजले आणि दोन्हींचा तोल एकमेकांना जुळतो का हे पाहिलं नाही. ही चूक माझी आहे. इंजिन पडलेलं नाही, क्रँक वाकलेला नाही, मोटर निकामी नाही. १७ फेब्रुवारीच्या आत ती मी दुरुस्त करून देईन."

निशांत म्हणाला की याचा त्याला काही उपयोग नाही. मी म्हटलं, उपयोगाचं मागितलंत ते दिलं नाही, हे खरं आहे म्हणून दिलं. तो आईकडे वळला आणि वय, रस्ता, ट्रक, सगळं सांगत बसला. बाईंनी ऐकून घेतलं. मग माझा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि मला म्हणाल्या, "मले गाडी पाहिजे, पोरी. बाकी याचं मी पाहून घेतो."

मामा, लेथवर पहिला शाफ्ट मी दोन मिलिमीटर जास्त घासला आणि खराब लोखंडावर ढकललं होतं, तेव्हा तुम्ही मला उन्हात उभं करून खरं सांगायला लावलंत. मी तेव्हा अकरावीत होते. ते तुम्ही आणि हे "सही करून टाक" लिहिणारे तुम्ही, एकच माणूस आहात का? राग आलाय म्हणून लिहितेय, पण खोडणार नाही.

आकांक्षा

---

नाशिक, २२ जानेवारी

आकांक्षा,

आधी काम.

जुन्या इंजिनात क्रँकला तोलणारं सगळं वजन आतच होतं. म्हणून त्याची पुली आणि फ्लायव्हील नुसती गोल. नंतरच्या मोठ्या इंजिनात आत जागा पुरली नाही, तेव्हा कारखान्यानं थोडं वजन बाहेर काढलं. त्यातलं काही पुढच्या पुलीवर दिलं, काही मागच्या फ्लायव्हीलवर. तो जो अर्धचंद्र तुझ्या बोटांना लागला, त्याचा जोडीदार मागे असायला हवा. तू पुढचा ठेवलास आणि मागचा नाहीच. भोकं सारखी असतात, म्हणून माणूस फसतो.

त्या इंजिनचं मूळ फ्लायव्हील मिळालं तर उत्तम. मिळणार नाही असं धरून चाल. मग एकच वाट. इंजिन उघड. एक पिस्टन, त्याच्या रिंगा, पिन, रॉड आणि बेअरिंग सोनाराच्या काट्यावर तोल. रॉडची दोन्ही तोंडं वेगळी तोल. क्रँकच्या प्रत्येक गळ्यावर दोन रॉड बसतात. गोल फिरणारं वजन पूर्ण धरायचं, वरखाली जाणारं अर्धं. तेवढ्या वजनाची चार कडी लेथवर बनव आणि क्रँकच्या चार गळ्यांवर आवळ. पुली, फ्लायव्हील, क्लचची प्लेट सगळं जागेवर लावून आख्खी जुळणी बॅलन्सिंग मशीनवर फिरव. बुटीबोरीत पंपाचे रोटर बॅलन्स करणारे आहेत. मशीन सांगेल तिथून फ्लायव्हीलच्या जाड काठातलं लोखंड ड्रिलनं काढ. शेवटी सगळ्या भागांवर पंचनं खुणा कर, म्हणजे पुढे कुणी उघडलं तरी ते त्याच जागी बसतील. एकमेकांशी जुळलेले भाग आहेत, वेगळे करायचे नाहीत.

आकडे पाठव, आकडेमोड मी तपासून देतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज लिहवत नाही. बोल्ट बसले म्हणजे जमलं असं नसतं, हे मला एकदा तानबानं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तेव्हा कान चांगले होते.

मामा

---

जाम, ४ फेब्रुवारी

मामा,

झालं.

तुम्ही तपासून इलाताईच्या मोबाईलवरून पाठवलेला आकड्यांचा कागद छापून घेतला आणि क्रँक जुन्या गादीत गुंडाळून मुकेश आणि मी बुटीबोरीला गेलो. तिथले बंडूजी मशीनवर तीस वर्षं आहेत. त्यांनी आम्हाला दारातूनच परत लावलं. गाडीचे क्रँक ते करत नाहीत, आणि आठ सिलिंडरचा तर कुणी बापजन्मी आणला नाही. मी आत जाऊन त्यांच्या टेबलावर तुमचा कागद ठेवला. त्यांनी तो सरकवला. मी परत ठेवला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला आणि समोर वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून तो वाचला. हात धुऊन आले आणि विचारलं, "हे गणित कोनाचं आहे?" मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी स्वतः उठून मशीनवरचा रोटर उतरवला.

पहिल्यांदा फिरवलं तेव्हा मशीनचा पाया हलला. फ्लायव्हीलला एका बाजूनं ओळीनं भोकं पाडली. काढलं, लावलं, फिरवलं, असं सात वेळा. आठव्यांदा काटा शून्यापाशी येऊन थांबला. बंडूजींनी मशीनच्या पायावर बोट टेकवलं आणि मलाही टेकवायला लावलं. फिरतंय हे बोटाला कळत नव्हतं.

काल मोटर हायवेवर काढली. पन्नास, साठ, ऐंशी. आरशात एका ट्रकचा एकच ट्रक. चौकात परत आले आणि इंजिन चालू ठेवून चहावाल्याकडून पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला मागवला, बॉनेटवर ठेवला आणि रेस दिली. पाणी सांडलं नाही. ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघितलं.

आता मला सांगा, तानबा कोण?

आकांक्षा

---

नाशिक, ९ फेब्रुवारी

आकांक्षा,

तानबा झाडे आमच्या कार्यशाळेत मदतनीस होता. शिक्षण सातवी, हात माझ्यापेक्षा चांगले.

१९९३ साली संस्थेत एक मोठा पाहुणा यायचा होता. जनरेटरचं इंजिन गेलं होतं, म्हणून दुसरं आणलं. त्याचं फ्लायव्हील तडकलेलं निघालं, तेव्हा मी पहिल्या इंजिनचं लावायला सांगितलं. भोकं जुळली. सुरू केल्यावर तानबानं पत्र्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला की सर, हे दोघं एकमेकांचे नाहीत, बंद करा. मी चालू दे म्हटलं. त्यानं दुसऱ्यांदा सांगितलं. कार्यक्रमाला तास उरला होता, मी त्याच्यावर ओरडलो. वीस मिनिटांनी थरथरीनं बोल्ट तुटले आणि फ्लायव्हील भोवतीच्या झाकणाचा पत्रा फाडून बाहेर आलं. तानबा बंद करायलाच वाकला होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशी झाली. टाईप केलेला कागद माझ्यापुढे आला. तानबानं बोल्ट नीट आवळले नव्हते असं त्यात होतं. सही केली नाही तर माझ्यावर येईल असं सांगण्यात आलं. मी सही केली. त्याला काढून टाकलं. तो मला एकदाच भेटायला आला, तेव्हा मी घरात असून इलाच्या आईला नाही म्हणून सांगायला लावलं.

लोक वर्षभरात विसरतात असं मी तुला लिहिलं होतं. ते मी एकतीस वर्षं स्वतःलाच सांगत आलो आहे. तुझा हातानं लिहिलेला कागद आला तेव्हापासून तो समोर ठेवून बसतो. चूक तुझीही होती, पण तू तेवढीच घेतलीस जेवढी तुझी होती, आणि दुसऱ्या कुणाचीच घेतली नाहीस.

तानबा कारंज्याला हायवेवर पंक्चरचं दुकान चालवतो असं ऐकून आहे. सोबतचा कागद त्याला नेऊन दे. उघडाच आहे, वाचून घे.

"जनरेटरला दुसऱ्या इंजिनचं फ्लायव्हील लावायला मी सांगितलं. तानबा झाडे यांनी दोनदा बंद करा म्हटलं. त्यांनी बोल्ट व्यवस्थित आवळले होते. चौकशीतली माझी सही खोटी आहे. नरहर देवतळे, निवृत्त शिक्षक."

मामा

---

जाम, १८ फेब्रुवारी

मामा,

काल सकाळी मनकर्णाबाई नऊवारी नेसून, पायात कॅनव्हासचे बूट घालून स्टिअरिंगवर बसल्या. मी शेजारी. निशांत शेवटपर्यंत नाही म्हणत होता, मग मागच्या सीटवर येऊन बसला, बहुतेक वाटेत हात घालून मोटर थांबवायच्या तयारीनं. बाईंचा पहिला गिअर जरा अडला, तेवढंच. नंतर त्यांनी साठचा वेग धरला आणि कुणासाठी सोडला नाही. तासाभरानं मी मागं वळून पाहिलं तर निशांत तोंड उघडं टाकून झोपला होता. मी बाईंना खुणेनं दाखवलं. त्यांनी आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "लहानपणी असाच झोपे. उठवू नको."

आनंदाबाई फाटकात आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. मोटरीला ओवाळलं, बहिणीला नंतर. निशांत मोटरीभोवती दोन चकरा मारून माझ्याकडे आला आणि पुढची सर्व्हिसिंग कधी ते विचारलं. माफी मागितली नाही. मी तारीख दिली.

मग मी चालत तानबाकाकांच्या दुकानात गेले. टायर सोलत होते, दोन बोटांनी आणि अंगठ्यासारख्या एका पान्यानं, मला दोन हातांनी जमणार नाही इतकं भरभर. तुमचं नाव सांगितलं तरी थांबले नाहीत. टायर पूर्ण करून, हवा भरून, ट्रकवाल्याला वाटेला लावून मगच कागद घेतला. वाचला. परत वाचला. मला वाटलं रडतील किंवा फाडतील. दोन्ही केलं नाही. कागद माझ्याच हातात परत दिला.

म्हणाले, "सही चारचौघात झालती. हे असं कोपऱ्यात काऊन देऊन राह्यला? त्याले म्हणा, जिथं माझं नाव खराब केलं तिथं येऊन वाच. मी येतो ऐकाले."

मी पोरगी म्हणून मध्ये पडून काही गोड करून सांगणार नाही. ते बरोबर बोलले. कागद परत पाठवते आहे.

आकांक्षा

---

वर्धा, ५ मार्च

आकांक्षा,

हे तुला वर्ध्याहूनच लिहितो आहे. इलाच्या नणंदेकडे उतरलो आहोत.

संस्थेच्या आताच्या प्राचार्यांना मी आधी पत्र टाकलं होतं. काल सकाळी त्यांच्या खोलीत गेलो. त्यांनी चहा मागवला आणि कागदावर लिहून दाखवलं की जुनं उकरून कुणाचं भलं होणार नाही, कार्यशाळेत हे वाचता येणार नाही. मी त्याच कागदावर खाली लिहिलं, "फाटकाबाहेरचा रस्ता तुमचा नाही," आणि चहा न घेता उठलो.

कळवल्याप्रमाणे तानबा फाटकाशी उभा होता. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल. एकतीस वर्षांत तो म्हातारा झाला आणि मीही, पण त्यानं मला लगेच ओळखलं. नमस्कार केला नाही. मी केला. दुपारची सुट्टी झाली होती, पोरं बाहेर येत होती. दहा-बारा थांबली. मी कागद काढला.

मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो किती निघाला ते कळत नाही. इला नंतर म्हणाली की समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून माणसं बाहेर आली. एक-एक शब्द वाचला. "खोटी आहे" वाचताना फाटकात प्राचार्य येऊन उभे राहिलेले दिसले. मी थांबलो नाही. शेवटी माझं नाव वाचलं आणि कागद तानबापुढे धरला.

तो काहीतरी बोलला. मी कानाकडे बोट दाखवलं. इला सांगायला पुढे आली, तर त्यानं तिला हातानं थांबवलं. माझ्या खिशातला पेन काढून घेतला, कागद फाटकाच्या खांबावर टेकवला आणि उरलेल्या दोन बोटांत पेन धरून मागच्या बाजूला सावकाश लिहिलं. मला वाटलं, आता एकतीस वर्षांचं येणार. येऊ दे म्हणून उभा राहिलो.

त्यानं लिहिलं होतं, "अजून एकदा वाच. मागचे आत्ता आले."

मागे वळून पाहिलं तर फाटक भरून गेलं होतं. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मामा